बुटांची गाठ

दि. ४ जून

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पाठीवर सॅक टाकून डोंगरात हिंडणाऱ्यांना बूट विकायचे, तर दातही दाखवावे लागतात? "माणूस हसत नाही" अशा चार चिठ्ठ्या गिऱ्हाइकांनी दुकानातल्या अभिप्रायाच्या पेटीत टाकल्या आणि पाचवीला मालक तुला घरी बसवणार, हे वाचून मी कपाळावर हात मारला. लहानपणी उगाच खिदळतोस म्हणून मार खाणारा तूच ना रे!

तुझी बायको जाऊन सात महिने झाले. दारामागचे तिचे बूट आता कुणाला तरी देऊन टाक. येता-जाता तेच दिसणार, मग माणूस हसणार कसा? नोकरी सांभाळ, बाबा. दिवसभर घरात एकटा बसलास तर मला घोर लागेल. जेवत जा. रागावले तरी माया तीच आहे.
तुझी ताई

दि. १९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि. जेवतो. चव कळत नाही, पण जेवतो. हसायला जातो, तोंड उघडतं, पुढे काही होत नाही.

काल एक निवृत्त मास्तर बायकोचे कोरे बूट परत करायला आले. बाई वारल्या. पावती नव्हती, आणि पावतीशिवाय आम्ही माल परत घेत नाही. ते सांगायचं सोडून मी सवयीने त्यांना स्टुलावर बसवलं, गुडघे टेकले, त्यांची चप्पल काढली आणि बाईंचा बूट त्यांच्या पायात चढवायला लागलो. वर विचारलं, बोटांना लागतं का? ते म्हणाले, करंगळीला लागतंय म्हणाली होती, चालून चालून सैल होतील म्हणाली. मालक बघत होते.

जाताना मास्तरांनी चिठ्ठी मागून घेतली. म्हटलं, झाली पाचवी. मालकांनी ती वाचली आणि माझ्या हातात दिली. लिहिलं होतं, यांना हसायला लावू नका. मालकांनी बूटही ठेवून घेतले.

घरी येऊन दारामागचे माझ्या बायकोचे बूट बाहेर काढले. लेसची गाठ मीच मारलेली, तिला कधी नीट जमायची नाही. सोडवायला हात होईना. तूच येऊन घेऊन जा. तुझा लोभ असू दे.
भाऊ

दि. २५ जून

चि. भाऊस, आशीर्वाद. रविवारी येते. बूट दारामागेच राहू देत, गाठीला हात लावू नकोस. मी उगाच शहाणपणा शिकवला.

सोमवारी तुझ्या दुकानात येईन. या वयात डोंगर कसला चढतेय मी, पण बूट घ्यायचेत. गाठ तूच मार. हसला नाहीस तरी चालेल.
तुझी ताई