चुगली कुणी केली?

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

आजपासून घड्याळ एक तास पुढे. ओव्हनचं केलं, भिंतीवरचं केलं, गाडीतलंही केलं. रेनी दारात उभी राहून हसत होती — "एवढ्याशा कामाला किती वेळ!" बायको असावी तर अशी, सकाळीच पाणउतारा.

दुपारी अमेरिकन फुटबॉलची मॅच. आज चांगला खेळलो तर नोव्हेंबरच्या कॅम्पला नाव नक्की. ऑस्ट्रेलियाची जर्सी! तेहतीस वय झालं. यानंतर मला कोण विचारतंय?

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

जिंकलो! तिसऱ्या क्वार्टरला त्यांच्या सेंटरचं, माझ्या बरोबर समोर असतो त्याचं, हेल्मेट माझ्या हेल्मेटवर असं आदळलं की कान वाजले. पण पुढच्या खेळीला मी उभाच. कुणाला पत्ताही लागला नाही. कोचने पाठीवर थाप मारली — "कॅम्प, मेट!"

घरी आलो तर उलटतपासणी. "एवढा उशीर? फोन का नाही उचललास?" म्हटलं, उशीर कसला, गाडीतलं घड्याळ बदललेलं नव्हतं, ते मागेच होतं. रेनी माझ्याकडे बघायला लागली. ती अशी बघायला लागली की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

तेवढ्यात तेजश्रीचा फोन. आमच्या टीमची फिजिओ, ठाण्याची. "पोचलास ना? नक्की?" पोचलो म्हटलं! आज सगळ्यांनाच माझा एवढा पुळका का?

७ ऑक्टोबर

क्लबचा मेसेज. 'डोक्याला मार लागल्याचं कळलं आहे. स्पेशालिस्ट परवानगी देईपर्यंत मॅच बंद, सराव बंद.'

कळलं आहे! कुणाकडून? मैदानावर कुणी पाहिलं नाही. मी कुणाला बोललो नाही. म्हणजे चुगली. स्पेशालिस्टची तारीख मिळेपर्यंत कॅम्प होऊनही जाईल.

कोचला फोन केला. म्हणे, "ज्याला तुझी काळजी आहे त्याने सांगितलं, मेट." काळजी! माझी जागा रिकामी झाली की ती कुणाला मिळते? नचिकेतला. घ्या काळजी.

८ ऑक्टोबर

नचिकेत पुण्याचा, आयटीवाला. तीन वर्षांपूर्वी वजन उतरवायला म्हणून क्लबात आला आणि हे काम मीच त्याला शिकवलं. नोज टॅकल — बॉलच्या बरोबर समोर वाकून उभं राहायचं. समोरून दोघंदोघं अंगावर येतात, त्यांना अडवून धरायचं. बॉलवाल्याला पाडतो तिसराच, टाळ्याही त्याच्याच. मी सतरा वर्षं हेच केलं. अमेरिकेत एका बारक्या कॉलेजात दोन वर्षं, तिथेही हेच. तिथे गुडघा गेला. परत आलो तर दिवसा लोकांच्या घरात वायरिंग आणि संध्याकाळी पुन्हा हेच. माझा फोटो कुठल्या पेपरात आला नाही. आईच्या मोबाइलमध्ये आहे एक, त्यातही पाठमोरा.

एक गोष्ट मात्र त्याला शिकवली नाही — हात बघायची. समोरच्याचा गवतावर टेकवलेला हात. पेरं पांढरी पडली की समजायचं, सगळा भार पुढे आहे, हा अंगावर येणार. बोटं नुसती टेकलेली असली की मागे सरकणार. तोंड खोटं बोलतं, बोटं नाही. आता घरीदारी सगळ्यांची बोटंच बघतोय.

१० ऑक्टोबर

मैदानावर गेलो, नुसताच बाकावर बसायला. नचिकेत समोर असतानाच तेजश्रीला विचारलं, "कुणी सांगितलं गं माझं?"

तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आधी माझ्याकडे बघितलं, मग नचिकेतकडे. "रिकी, तू खरंच विचारतोयस?"

"मग काय गंमत करतोय?"

"ज्याने सांगितलं त्याने नाव सांगू नको म्हटलंय. मी शब्द दिलाय." आणि टेपचं रीळ घट्ट धरलं. पेरं पांढरी! हिला सगळं माहीत आहे. आणि तिने नचिकेतकडे का बघितलं?

११ ऑक्टोबर

भाजी खारट. रेनी म्हणते, तूच दोनदा मीठ घातलंस. मी भाजीला हातही लावला नव्हता!

१४ ऑक्टोबर

सापडलं! कोच बोलता बोलता बोलून गेला — "निरोप तुमच्या भाषेत होता. तेजनेच मला अर्थ सांगितला."

मराठीत! म्हणजे बाहेरचं कुणी नाही. त्या दिवशी माझ्या आसपास मराठी बोलणारी माणसं किती? नचिकेत. पप्पा, ते मॅच बघायला आले होते. आणि घरी रेनी. झालं. इतकी वर्षं सिडनीत मराठी माणूस भेटला की बरं वाटायचं. आता तीन आहेत आणि तिघांचाही संशय येतोय.

१५ ऑक्टोबर

नचिकेतला पार्किंगमध्ये गाठलं. कॉलर धरली. हो, धरली!

"अरे, मी कशाला सांगू? मला कॅम्पला जायचंच नाहीये, माझं प्रोजेक्ट लाइव्ह जातंय." मग म्हणाला, "पण रिकी, मॅच संपल्यावर तू मला दोनदा विचारलंस, कोण जिंकलं. मला वाटलं मस्करी करतोयस."

काय पण थाप! मुद्दाम डोक्यात किडा सोडायचा. त्याची बोटं बघितली, सैल होती. थापाड्यांची सैलच असतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

मिसानंतर पप्पांकडे. चर्चमध्ये खिडकीतून ऊन येत होतं, डोळ्यांत सुया टोचल्यासारखं झालं. कपाळ धरून बसलो. पप्पा बघत होते.

पप्पा वसईत कबड्डी खेळायचे. आम्ही इथे क्वेकर्स हिलला आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा. मागच्या अंगणात चुन्याची रेघ मारून मला शिकवायचे. रोज एक पान मराठी लिहायची सवय त्यांनीच लावली आणि ही दुसरीही — "अंपायर बघो न बघो. हात लागला ना तुला? मग आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं." मी रडायचो, त्याने बघितलंच नाही तर कशाला जायचं! म्हणायचे, "तुला तर माहीत आहे ना?"

मग आणखी कोण असणार? सरळ विचारलं. "पप्पा, क्लबला तुम्ही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं. हिंमत नाही झाली माझी. तुझी ती जर्सी..." कॉफीचा कप खाली ठेवला. "त्या दिवशी तू मला तिथेच सोडून निघून गेलास. मी हाका मारल्या. मग उबर करून आलो. म्हटलं, जिंकल्याच्या आनंदात विसरला असेल."

सोडून गेलो? मी त्यांना घरी सोडलं होतं! गेटपाशी. नेहमीसारखं. सोडलंच असणार.

पप्पा म्हातारे झाले. काहीतरी बोलतात.

२१ ऑक्टोबर

म्हणजे रेनी. आणखी कोण उरलं?

चहा पिताना स्पष्टच म्हटलं. माझं एवढं एक स्वप्न होतं, तेही तुला बघवलं नाही. आधी ती हसली, मग रडली, मग चिडली. "मी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं! आणि एक ऐक. गाडीचं घड्याळ तू सकाळीच पुढे केलं होतंस. माझ्यासमोर. दोन तास तू कुठे होतास, रिकी? रोज वाटतं विचारावं. भीती वाटते म्हणून नाही विचारत."

कसली भीती? बाईबिईचा संशय घेतेय की काय! मीही वाट्टेल ते बोललो. बॅग भरून बहिणीकडे गेली, सेलिनकडे. जाताना दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२२ ऑक्टोबर

घर गप्प. दूध उतू गेलं. समोरच उभा होतो.

२५ ऑक्टोबर

कॅम्पची नावं लागली. माझं नाही. नचिकेतचंही नाही! मेलबर्नचा कुणी पोरगा आहे.

मग चुगली करून कुणाला काय मिळालं?

तेजश्रीलाच गाठतो. शब्द बिब्द गेला खड्ड्यात. नाव घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्या माणसाच्या समोर उभं राहून एकदाच विचारायचंय, माझं वाटोळं करून तुझं काय भलं झालं?

२८ ऑक्टोबर

तेजश्रीने दार लावून घेतलं. "तुला खरंच माहीत नाही?" नाही म्हटलं. मग फोनवरचा निरोप लावला. त्या रविवारचा, संध्याकाळचा. मागे गाड्यांचा आवाज.

"तेजश्री, मी रिकी. रिचमंड रोडवर पेट्रोल पंपापाशी थांबलोय. घर कुठल्या बाजूला ते आठवत नाहीये. बराच वेळ झाला. मला खेळू देऊ नको. उद्या मीच भांडेन, ऐकू नको माझं. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नको. मला लागलंय गं. मी हात वर करतोय."

तीनदा ऐकलं. आवाज माझाच आहे. त्यातला एकही शब्द मला आठवत नाही.