पाठ केलेलं पान

मंगळवार, श्रीगोंदा. दिवेलागण.

देवळातल्या वाचनाला आज माझी पाळी होती. गुरूच्या शोधात निघालेल्या शिष्याची गोष्ट आम्ही म्हातारे रोज पानभर वाचतो, निवृत्त शिक्षक आहेत ते सर अर्थ सांगतात. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो. म्हणून शिष्य नदी उतरतो ते पान सूनबाईकडून वाचून घेऊन पाठ केलं. पण काल उसाला पाणी धरायचं होतं, मी गेलो नाही, आणि काल दोन पानं वाचली, त्यात तेही झालं. मला काय माहीत? पुस्तक धरलं आणि घडाघडा म्हणत सुटलो.

कोंडीबा म्हणाला, "आबा, त्यो कालच पल्याड गेला. पुन्हा कशाला भिजवता त्याला?" सगळे हसले. हसू देत. पण सरांनी पानावर हात ठेवला. "आबा, तुम्ही नुसतं ऐकत जा. ऐकणं हीसुद्धा साधनाच आहे."

साधना म्हणे. गुरू मठ्ठ शिष्यासाठी काठावर थांबून राहतो, याचा अर्थ याच सरांनी परवा तासभर सांगितला. मला एक ओळ तरी जुळवू द्यायची. सरळ पानावर हात...

घरी सूनबाईनं विचारलं, "मामा, कसं झालं वाचन?" झकास, म्हणालो. आता पुढचं पान घ्यायचं म्हणतेय.

तिला काय सांगू? गोष्टीतला गुरू म्हणतो, उत्तर आत शोध. आत बघितलं तर एवढंच ऐकू येतं, उद्यापासून जाऊ नको. हे शहाणपण की नुसता राग, विचारू कुणाला? सरांनाच?