मागच्या दारानं पाहिलेलं कॉलेज

माय, आज दुपारी तुझी नात दोन कागद समोर ठेवून बसली होती, तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. आता मॅट्रिक पास झाली आहे. एका कागदावर नागपूरच्या मोठ्या कॉलेजचं नाव आहे, दुसऱ्यावर एका लहानशा कॉलेजचं, जिथं सगळी मिळून शंभर मुलं नसतील. तिनं मला विचारलं, "बाबा, तुमी कसं ठरवलं होतं?" मी म्हणालो, तुझ्या आजीनं पाहून ठरवलं होतं. ती हसली. "आजीले त वाचता येत नव्हतं ना?" मी उठून अंगणात आलो. तिला जे सांगता आलं नाही ते तुला सांगायला बसलो आहे. खरं म्हणजे ते आधी तुलाच सांगायला हवं होतं.

मी मॅट्रिक झालो त्या साली आपल्या रिठद गावात मॅट्रिक झालेला मी एकटाच, त्यामुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वाशीमच्या शाळेतले हेडमास्तर मुद्दाम बैलांच्या दमणीत बसून आपल्या घरी आले. तू त्यांना ताक दिलंस आणि दाराआड उभी राहिलीस. माझे बाबा गेल्यापासून शेत तूच पाहत होतीस, पेरणी कधी करायची हे गडी तुला विचारत, पण मास्तरांपुढे तू दाराआडच. ते म्हणाले, "याला मोठ्या ठिकाणी घालू नका. तिकडच्या त्या नव्या कॉलेजात घाला. वर्गात वीस मुलं असतात. इतिहास, संस्कृत, तर्कशास्त्र, सगळ्याला थोडा थोडा हात लागेल आणि याला तोंड उघडावं लागेल." मला ते मुळीच रुचलं नाही. मला नागपूर हवं होतं. दगडी इमारत, काचेच्या नळ्यांची प्रयोगशाळा, शेकडो मुलं. गावात सांगायला शोभेल असं काहीतरी हवं होतं, दुसरं काही नाही. मास्तर गेल्यावर तू ताकाचा पेला उचलत म्हणालीस, "दोनी पाहू. पोरगी द्याची असली त घर पाह्यतोच ना आपन? मंग तुले कायले न पाहता धाडू?"

तुझं घर पाहणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं. ताईच्या सोयरिकीच्या वेळी मामा पागोटं बांधून पुढच्या दारानं जायचे, आणि त्याच्या आदल्या दिवशी तू मागच्या दारानं जाऊन आलेली असायचीस. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. त्यांच्या विहिरीवर पाणी प्यायचं, भांडी घासणाऱ्या बाईजवळ बसायचं, गोठ्यात डोकावायचं. मेडशीचं ते मोठं स्थळ तू असंच मोडलंस. माणसं मातबर, वाडा चिरेबंदी, मामा तर हुरळून गेले होते. तू आलीस आणि म्हणालीस, त्यांच्या बैलांच्या मानेची कातडी सोललेली आहे आणि तशाच बैलांना ते जुंपतात. "ज्या घरात मुक्या जनावराचं दुखनं दिसत नाई, तिथं माह्या पोरीचं कोनाले दिसन?" मामा चिडले, दोन दिवस जेवले नाहीत. ताई आसेगावच्या लहान घरात गेली आणि सुखात राहिली. त्यानंतर गावातल्या बायका आपल्या मुलींची स्थळं पाहायला तुला न्यायला लागल्या. तुझी तेवढीच एक विद्या होती, पण पक्की होती.

पेरणी आटपली आणि आपण निघालो. वाशीमहून अकोल्याला लहान गाडी, तिथून मोठी गाडी. तुझ्या हातात भाकरीचं गाठोडं आणि अंगावर ते हिरवं लुगडं. नागपूरच्या कॉलेजच्या पायऱ्या पाहून माझी छाती फुगली. मी ऑफिसात गेलो, कागद दिला, खिडकीतून प्रयोगशाळा पाहून आलो. तू बाहेर कडुलिंबाखाली थांबशील असं मी धरून चाललो होतो. परत आलो तर गाठोडं तिथंच आणि तू गायब. पट्टेवाल्यानं तुला बोर्डिंगात जाऊ दिलं नव्हतं, म्हणून तू कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली होतीस. मी शोधत आलो तेव्हा तिथं एक विद्यार्थी धोतर वाळत घालत होता. तू त्याला विचारलंस, "बापू, तुह्या शेजारच्या खोलीत कोन राह्यते?" तो म्हणाला, "असेल कोणीतरी. नवीन आहे." एवढंच विचारलंस. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

येताना वाटेत उतरून आपण ते लहान कॉलेज पाहिलं. कॉलेज कसलं, सरकीची जुनी वखार होती. मधे कुडाच्या भिंती घालून वर्ग केले होते, दोन कपाटांत सगळं ग्रंथालय, आणि भिंतीजवळ नाक नेलं तर अजून सरकीचा वास येत होता. मी तोंड वाकडं करून ऑफिसात बसलो आणि तू विचारून विचारून स्वयंपाकघर गाठलंस. अर्ध्या तासानं तुला शोधत येतो तर काय पाहतो, तू पाय पसरून बसली आहेस, मांडीवर सूप आहे, आणि तिथल्या स्वयंपाकीण बाईबरोबर तू तुरीची डाळ निवडते आहेस. जन्माची ओळख असल्यासारख्या दोघी बोलता आहात. कोण वांगं खात नाही, कोणाला घरची आठवण आली की तो चुलीजवळ येऊन बसतो, बाई सांगते आहे आणि तू हुंकार भरते आहेस. मी तुला खुणेनं उठ म्हणतो. तू उठत नाहीस. तेवढ्यात मागून प्रिन्सिपॉल येतात, उघड्या डोक्याचे, साधं उपरणं घेतलेले. एका मुलाला ताप आहे, त्याला पेज दिली का हे विचारायला ते स्वतः आले आहेत. तू सूप खाली ठेवतेस, पदर सावरतेस, आणि मी कधी कल्पना केली नव्हती ते करतेस. तू त्यांच्याशी बोलतेस.

"साहेब, माह्या पोराले इथं जमत नसलं, त तुमाले कितीक दिवसानं समजन?"

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. चौकटीला हात टेकून त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आजारी पडला तर दुसऱ्या दिवशी. मनानं खचला असेल तर आठ-दहा दिवस लागतील, बाई. मनाचं लवकर कळत नाही." तू मान हलवलीस. त्यांना लगेच "दुसऱ्या दिवशी" म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते खरं बोलले, हे तुला आवडलं. हे तू मला गाडीत सांगितलंस. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

गाडीतच तू निकाल दिलास. "नागपूरचं वाईट नाई. जू वाईट नाई अन् बैलही वाईट नाई, पन एखाद्याची मान घासते. तू दुखलं त बोलत नाईस, बापा. तुले न बोलता ओयखनारं मानूस पाह्यजे. ते इथं हाय." मी भडकलो. साऱ्या डब्यासमोर म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं? कॉलेज हाय ते, गोठा नाई." तू गाठोड्याची गाठ सोडलीस, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "पत्र येऊ दे दोनीकून. मंग पाहू."

पत्रं आली. दोन्ही एकाच आठवड्यात. घरातली पत्रं मीच वाचायचो, दुसरं वाचणारं होतं कोण? तू जात्याजवळ बसली होतीस. नागपूरचं पत्र मी जसंच्या तसं वाचलं, मला घेतलं म्हणून. दुसरं उघडलं. त्यात लिहिलं होतं की आपणास प्रवेश दिला आहे, आणि खाली प्रिन्सिपॉलनी स्वतःच्या हातानं जास्तीच्या ओळी लिहिल्या होत्या. "आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. मुलगा घालावयास येणारे लोक इमारत पाहून जातात. स्वयंपाकघर पाहून प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांना दिलेले उत्तर खरे ठरावे म्हणून यंदापासून रोज सायंकाळी मी स्वतः बोर्डिंगात फेरी घालणार आहे." मी हे मनात वाचलं. मग कागदावर नजर ठेवून तुला म्हणालो, "जागा नाई म्हनते. घेत नाई मले."

मी विचार करून हे बोललो असं नाही. तोंडातून निघून गेलं. तू जातं ओढायची थांबलीस. खुंट्यावर हात तसाच. मग विचारलंस, "मी मांगच्या दारानं गेली म्हनून? त्या साहेबाले बोलली म्हनून?" त्या वेळी नाही म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. पण नाही म्हटलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, आणि मला खोटं तेवढ्यावरच थांबवायचं होतं. मी गप्प बसलो. तू म्हणालीस, "चुकलं माह्यं," आणि पुन्हा दळायला लागलीस.

नागपूरला काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. त्या कॉलेजला मी दोष देत नाही. तिथून माझ्या बरोबरीचे वकील झाले, डॉक्टर झाले. मान माझी घासत होती. शंभर जणांच्या वर्गात मला समजायचं नाही आणि विचारायची हिंमत व्हायची नाही. दिवाळीनंतर ताप आला आणि मी खोलीत पडून राहिलो. नऊ दिवस. शेजारच्या खोलीतल्याला वाटलं मी गावी गेलो आहे. दहाव्या दिवशी झाडूवाल्यानं दार ढकललं म्हणून जगलो. घरी आलो तेव्हा तू माझी मनगटं हातात धरून पाहिलीस आणि एकच विचारलंस, "कितीक दिवसानं समजलं त्यायले?" मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी." तू देवाला हात जोडलेस. मी परत गेलो, परीक्षेत नापास झालो आणि शाळामास्तर झालो. त्याचं मला वाईट वाटत नाही. वर्गातला मुलगा एक दिवस आला नाही की दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जातो. लोक म्हणतात मास्तर फार मायाळू आहेत. ते कुठून आलं हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. त्यानंतर तू कोणाचं घर पाहायला गेली नाहीस. बायका बोलवायला आल्या तर हसून सांगायचीस, "मी गेली का काम नासते." माझ्या पाठच्या धाकटीच्या सोयरिकीच्या वेळी मी तुला म्हणालो, जाऊन तर ये. तू म्हणालीस, "नाई रे बापा, तुह्या टायमाले घात झाला, आता हिच्या नाई करत." मामा एकटेच गेले, पुढच्या दारानं. धाकटीचं त्या घरात काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस आणि त्यातच खंगलीस. ते मी इथं लिहीत नाही. पण त्या घराच्या गोठ्यात तू एकदा डोकावली असतीस तर, हे मनातून जात नाही. तुला गोठ्यापासून मी तोडलं, माय. ती चूक मामांची नव्हती, तुझी तर नव्हतीच.

ते पत्र मी फाडलं नाही. अजून माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. आज संध्याकाळी ते काढून मी तुझ्या नातीच्या हातात दिलं. तिनं ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं, नमस्कारासकट, फेरी घालण्यासकट. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच आपल्या घरात मोठ्यानं वाचलं गेलं. तिचे डोळे चमकले. म्हणाली, उद्या आपण दोन्ही कॉलेजं पाहायला जाऊ आणि आईला घेऊन जाऊ, स्वयंपाकघर ती पाहील. मग पत्राची घडी घालता घालता तिनं विचारलं, "बाबा, हे आयकून आजी काय म्हनाली?"

मी म्हणालो, "हसली."

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, ट्रंकेत त्या पत्राखाली ठेवीन. आणि तू असतीस, हे टपालानं तुझ्या दारी आलं असतं, तरी तुला ते वाचून दाखवायला मीच बसलो असतो. जात्याजवळचा तो भाग आला असता तेव्हा मी लिहिलंय तेच वाचलं असतं का, माय, हे मला आज, या वयातही, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.