मऊ चाकाविरुद्ध

तीर्थस्वरूप शोभाताईस,

धाकट्या मधुकरचा डाव्या हाताने केलेला नमस्कार मानून घे. उजवा प्लास्टरमध्ये आहे आणि चष्मा फुटला आहे, म्हणून मी सांगतो आणि तुझी भावजय लिहिते. (मी पंचफुला लिहून राहिली, ताई. कंसातलं माझं.) तुझे गुडघे कसे आहेत? भिवापुरात मिरचीची तोडणी आटोपली का?

मी डोंगरावर चालवायची सायकल घेतली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. होय, घेतली! उभं आयुष्य व्यासपीठावरून लोकांना मळलेली वाट सोडायला सांगितलं. आता बासष्टाव्या वर्षी मी स्वतः सोडली, तर घरात एवढा गहजब कशासाठी? (बासष्ट नाही, सदुसष्ट.) काय यंत्र आहे, ताई! मनगटाएवढे जाड, खाचांचे टायर, पुढच्या चाकाला दणके गिळणारे दांडे, आणि चढावर पाय हलके करणारे गिअर. सकाळी माझ्यासोबत फिरायला येणारा सुशील या खेळातला जुना. तो म्हणाला, "भाऊ, दगडधोंड्यात हवा कमी ठेवा, चाक जमिनीले धरून राहते. उताराले सीट खाली घ्या, अन् दोन्ही हात हँडलवर!" मी साफ नकार दिला. मऊ चाक हे मऊ विचारांचं लक्षण आहे. लकडगंजच्या दुकानात उभा राहून, अंगठ्याने दाबलं तरी दबणार नाही इतकी हवा भरून घेतली. आपल्या घराण्यात सायकलीत हवा अशीच भरतात.

टेकडीवर प्रत्येक दगडागणिक सायकल फुटाण्यासारखी उडत होती, हे मान्य. पण मी डगमगलो नाही. उतारावर मागून सुशील ओरडला, "भाऊ, भेव लागून राहिलं का?" आता भीती हा माझा विषय! उत्तर देताना, सभेत जातो तसा, उजवा हात आपोआप वर गेला. त्याच क्षणी हँडलने विरोधी मत नोंदवलं आणि मी बाभळीत गेलो. (बोरीत. काटे मी काढले.)

मी पडलो, ताई, हरलो नाही! प्लास्टर निघालं की त्याच उतारावर जाणार, तेवढीच हवा भरून. पण ही म्हणते, सायकल भंगारवाल्याला देते. (म्हटलं. अजूनही म्हणते.)

तुझा, मनगट सोडून कुठेही न वाकलेला,
मधुकर

ता. क. घरात फक्त तुझा शब्द चालतो. उद्या मिरचीच्या रिकाम्या गाडीतून सायकल तुझ्याकडे पाठवतो. मी बरा होईपर्यंत ओसरीत लपवून ठेव. पंचफुला, हे लिहिलंस? (लिहिलं.)

आणखी ता. क. ताई, ते आंघोळीले गेले म्हणून घाईत लिहिते. सायकल तिकडे येऊन नाही राहिली, गाडीवाल्याले मी रिकामाच धाडते. रोज सकाळी सक्करदरा तलावामागच्या कच्च्या रस्त्याने मी चालवून राहिली. अर्धी हवा सोडली, सीट खाली घेतली अन् तोंड बंद ठेवते. लय मजा येते वं! तुम्ही फक्त त्यायले फोन करून सांगा, सायकल पोहोचली म्हणून.