एका ओल्या वर्षाचा आकडा

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, गवत संशोधन केंद्रातून निवृत्त झालेली मोजणी सहायक, पूर्ण भानावर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे आणि त्याने माझी बुद्धी बिघडलेली नाही. याआधीचं मृत्युपत्र मी फाडून जाळलं आहे.

१. राहती खोली, तिच्यामागचं माझ्या वाट्याचं अर्धं कुरण आणि बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला मिळावी. उरलेलं अर्धं कुरण त्याचंच आहे. एकोणीस वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्यातली पाच तो तुरुंगात होता, बाकीची चौदा भिंतीच्या पलीकडे. तो खोकला की मला ऐकू येतं, तेवढाच संबंध.

२. वकील मावसभावाला माझ्यामागे काडीही मिळू नये. कारण कलम चारमध्ये आहे, त्याने ते नीट वाचावं.

३. लोखंडी चौकट, मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद, केंद्राला परत द्यावी. ती जमिनीवर टाकायची, आतलं गवत कापायचं, वाळवायचं आणि तोलायचं, हीच माझी तीस वर्षांची नोकरी. ज्या साली हे सगळं सुरू झालं त्या साली पाऊस भरपूर होता. आमच्या कुरणात उघड्यावर चौकटीत दोनशे दहा ग्रॅम गवत भरलं, झाडाखाली नव्वद. मी घरी येऊन ऐटीत म्हणाले, "झाडं तुझ्या मेंढ्यांचं गवत खातात."

"ताई, नक्की ना?" भावाने विचारलं.

"आकडा खोटं बोलत नाही."

महिनाभरात त्याने एक्केचाळीस झाडं आडवी केली. बेचाळिसावं वाचलं, कारण कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

पुढची दोन वर्षं कोरडी गेली. मी पुन्हा चौकट टाकली. उघड्यावर अकरा ग्रॅम, उरलेल्या एका झाडाखाली चौऱ्याहत्तर. ओल्या साली झाड गवताच्या तोंडचा घास काढतं, पण कोरड्या साली तेच त्याच्यावर सावली धरतं आणि पाचोळ्याखाली ओल राखतं. हे मला कळलं तेव्हा बुंध्यांभोवतीचं गवत करपून गेलं होतं आणि माती वाऱ्याने उडाली होती. मेंढ्या माती चाटू लागल्या. ज्या पडल्या त्यांचे गळे भावाने स्वतः चिरले. एकाच सकाळी सव्वीस.

४. त्या दुपारी तो नव्या दांड्याची कुऱ्हाड घेऊन झाडाशी आला. कोपरापर्यंत रक्ताने माखलेला होता. मी तिथेच चौकट टाकून बसले होते.

"अजून मोजतेस? मेंढ्या मोज ना! हो बाजूला, हेही पाडतो."

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मी सांगितलं म्हणून तोडलीस? तुझी अक्कल चरायला गेली होती?"

तो हसला. ते हसू मला सहन झालं नाही. मी चौकट उचलून त्याच्या तोंडावर हाणली आणि तिचा कोपरा त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला. मग कुऱ्हाड फिरली. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मुळांवर पडली. त्यानंतर तो गुडघ्यांवर बसून "ताई, ताई" करत एका डोळ्याने गवतात माझी बोटं शोधत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

वकील मावसभाऊ म्हणाला होता, "पहिला फटका तुझा होता हे बोलू नकोस. शिकलेल्या बाईवर सगळे विश्वास ठेवतात." सगळ्यांनी ठेवला. भाऊ कोर्टात एक शब्द बोलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पहिला फटका माझा होता. हे वाक्य भावासमोर आणि मावसभावासमोर मोठ्याने वाचावं, दोनदा.

५. खटल्यानंतर कोर्टातून परत आलेली कुऱ्हाड माझ्या ट्रंकेत आहे, ती भावाची भावाला द्यावी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमच्या घरात तो दांडा मी होते. उरलेलं झाड ठेवायचं की तोडायचं, हे त्याने ठरवावं. माझं ऐकू नये. एकदा ऐकलं होतं.

६. केंद्रातल्या माझ्या त्या सालच्या अहवालावर लाल शाईने लिहावं: "एकच वर्ष, तेही ओलं."

७. माझी राख त्या झाडाखाली टाकू नये. राखेने तिथलं गवत जोर धरेल आणि पुढच्या मोजणीचा आकडा खोटा येईल. एक दिला तेवढा पुरे. राख एक्केचाळीस बुंध्यांवर टाकावी, गरज तिथे आहे.

ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार करू नये असं सांगतात, म्हणून खाली दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. खरा साक्षीदार भिंतीपलीकडे खोकतो आहे.

सही (डाव्या हाताने)
साक्षीदार पहिला: तेव्हा माझ्या हाताला टाके घालणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: केंद्राचा निवृत्त चौकीदार
स्थळ: कुरणाकडची खोली
दिनांक: एकोणीस एप्रिल, पाऊस नाही