बिनकिल्लीची गाडी आणि भानुदास

२ फेब्रु., शनि.
नवी गाडी आली. किल्ली खिशात असली की पुरे. हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडतं, परत दाबलं की लागतं. मग किल्ली हवी कशाला? ह्यांना विचारलं तर "तुला न्हाई कळायचं." त्यांनाही कळलेलं नाही, एवढं मात्र मला कळलं. पूजेत दोन्ही किल्ल्या नारळापाशी ठेवल्या होत्या. नंतर नारळ लाल कापडात गुंडाळून डिकीत ठेवला. गाठ ह्यांनीच मारली, चेअरमन ना!

५ फेब्रु.
टँकर नाही. ह्यांच्या सोसायटीच्या चारा छावणीत पाली गावाकडची जनावरं आली, दावणीला जागा नाही. भानुदास जुन्या जीपपासून आमचा ड्रायव्हर, तोही ह्या गाडीपुढे गांगरलेला. म्हणे, "काकू, बटन दाबलं की तीनदा टूं टूं करती. म्हंजे लागली." असेल बाई.

९ फेब्रु.
किल्ली फ्रीजवरच, आणि हे गाडी घेऊन बीडला पोचलेसुद्धा! फोन केला. दुसरी किल्ली कपाटात आहे म्हणाले. मग गाडी चालू कशी झाली? डोकं चालेना. भाकरी करपली.

१२ फेब्रु.
छावणीचा शिक्का गाडीतून गेला. चाऱ्याच्या पावतीवर मारायचा तो. आता कुणीही आमच्या नावावर चारा उचलेल. काच शाबूत, दार शाबूत. ह्यांनी सगळ्या छावणीसमोर भानुदासला चोर म्हटलं.
"अण्णा, तुमच्या पायाची आन, गाडी लावलीती म्या."
"मंग शिक्का उडून गेला का बे?"
 

१४ फेब्रु.
भानुदास बायकोला घेऊन मेव्हण्याच्या टोळीत गेला, ऊस तोडायला. त्याला कोयत्याची सवय कुठली आता. ह्यांच्याशी बोलायची इच्छा नाही. चहा नुसता समोर ठेवला.

१७ फेब्रु.
न राहवून शोरूमला फोन केला. मुलगी बोलायला चांगली होती. बटण दाबलं की गाडी किल्लीला हाक मारते, किल्ली ओ देते. प्रत्येक वेळी खूण वेगळी, म्हणून नकली किल्लीने फसत नाही. पण ओ गाडीच्या आतून आली तर दार लावतच नाही, तीनदा वाजून सांगते.
तीनदा!
कपाट बघितलं. दुसरी किल्ली नाही. सगळं घर पालथं घातलं. मग पूजा आठवली. पूजेचा नारळ सोडू नये म्हणतात, मी सोडला. किल्ली कापडातच, कुंकवाने माखलेली. ती घरात ठेवून, फ्रीजवरची हातात घेऊन बटण दाबलं. एकदाच वाजलं, दार लागलं. म्हणजे इतके दिवस गाडी उघडीच. 

१८ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, शिक्का तरी कुणीतरी नेलाच की. नेला असेल, कुणीही नेला असेल. भानुदासला परत बोलवा म्हटलं.
"समद्यासमोर चोर म्हणलोय. आता कोन्या तोंडानं बोलवू?"
संध्याकाळी मीच त्याला फोन लावला. बायकोने उचलला. किल्ली, नारळ, टूं टूं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "हे मला कावून सांगता काकू? छावणीत सांगा की."
उद्या सकाळी छावणीत जाणार आहे. हे येतात की नाही, विचारलेलं नाही.