क्लापेला मिळालेला खर्ज

तीर्थरूप यॉश्कोमामांस लोव्रेचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढा वाकून). आपली ढोपरं, मामीची शेळी आणि खुद्द मामी, सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे ऑलिव्ह बरे आलेत आणि मी जिवंत आहे. यातली दुसरी गोष्ट थोडक्यात हुकणार होती, म्हणून हे पत्र.

त्याचं असं झालं, की आमच्या क्लापेतला, म्हणजे गावच्या गाणाऱ्या मंडळीतला, खर्ज लावणारा दुये मुलीकडे जर्मनीला गेला. क्लापेत वाद्यं नसतात, सगळी भिस्त आठ गळ्यांवर. खर्ज गेला की गाणं लटपटतं. तेवढ्यात माझा आवाज बसला. जन्मभर टिपेला गाणारा मी, इस्टरला तोंड उघडलं तर सूर विहिरीतून आल्यासारखा. आमचा म्होरक्या चिरो रडलाच. म्हणाला, "लोव्रे, असा खर्ज अख्ख्या किनाऱ्यावर नाही. सिगरेट मुळीच सोडू नकोस, आवाज पातळ होईल." मीही फुगलो. सूर आणखी खोल जावा म्हणून रोज त्रावारित्साच्या गुळण्या सुरू केल्या (दारूची गुळणी थुंकायची नसते, हा आपल्या घराण्याचा रिवाज आपण जाणताच). जत्रेत तर लोक मला बघायला येत होते.

कौतुक नव्हतं ते एकट्या आमच्या सौ. पेरिनाला. "हा खर्ज नव्हे, गंजलेलं बिजागर आहे. तीन आठवड्यांत घसा सुटला नाही तर डॉक्टरकडे जायचं असतं, इथे महिना उलटला आणि तुम्ही टाळ्या कसल्या घेताय?" असं म्हणून तिने मला बोटीत घातलं आणि स्प्लिटला नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून घसा पाहिला, तुकडा काढून तपासला. स्वरतंतूवर कॅन्सर. पण बाई म्हणाल्या, "लहान आहे, वेळेवर आलात. हा बरा होतो." मग किरणं घेतली, मान भाजल्यासारखी लाल झाली, सिगरेट सुटली, आणि हळूहळू आवाज पुन्हा टिपेला लागला. चिरोने अजून सुतक धरलंय.

आपला,
लोव्रे

ता. क. खर्जाची जागा पुन्हा रिकामी आहे.

दुसरा ता. क. मामीने कळवलं, की द्राक्षतोडणीपासून आपलाही आवाज घोगरा आहे आणि त्या जागेसाठी आपण चिरोला फोनवर गाऊन दाखवलंत. चिरो खूश आहे. मंगळवारी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, मी धक्क्यावर उभा असेन. भीती वाटेल, मलाही वाटली होती. तरी या. क्लापेला खर्ज कुठूनही मिळेल, मला दुसरा मामा नाही.